बॅटलटेकमध्ये मेक हलवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटलटेक हा टेबलावर नकाशा मांडून खेळायचा खेळ. त्यात आत पायलट असलेली अवाढव्य, दोन पायांवर चालणारी युद्धयंत्रं, म्हणजे मेक, एकमेकांशी लढतात. तो शिकवायला बसलं की नेमबाजी लोकांना तासाभरात जमते. अडतं ते चालीवर. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. काही मेसेजवर आले, पण बरेचसे ऐन खेळात, मोहरा हातात धरून, समोरचा 'असं नाही रे' म्हणत असताना.

उत्तरं वाचण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. मेक हलला की तीन वेगळे हिशेब होतात: चालीचे पॉइंट किती खर्च झाले, हेक्स (नकाशावरची षटकोनी घरं) किती पार केले, आणि चाल कुठली सांगितली. मी पाहिलेली जवळजवळ सगळी भांडणं एका हिशेबातला आकडा दुसऱ्यात गेल्यामुळे झालेली आहेत. पुढे 'तीन हिशेब' असा उल्लेख आला की हेच समजा.

१. ही उत्तरं कुठल्या नियमांप्रमाणे आहेत? आमच्याकडे फक्त पेटी आहे.

पेटी पुरेशी आहे. २०१९ साली आलेल्या 'अ गेम ऑफ आर्मर्ड कॉम्बॅट' या पेटीतले नियम, 'टोटल वॉरफेअर' आणि 'बॅटलमेक मॅन्युअल' ही नियमपुस्तकं, या तिन्हींचा गाभा एकच आहे. जाड पुस्तकांत अपवाद जास्त आहेत, इतकंच. खेळ १९८४चा, तेव्हा त्याचं नाव 'बॅटलड्रॉइड्स' होतं. 'ड्रॉइड' या शब्दावर लुकासफिल्मचा हक्क असल्यामुळे पुढच्या वर्षी ते बॅटलटेक झालं. हे सांगण्याचं कारण असं, की चालीचे मूळ आकडे तेव्हापासून फारसे बदललेले नाहीत आणि कुणाच्या काकांचं जुनं पुस्तक सापडलं तरी त्यावर बऱ्यापैकी खेळता येतं. 'अल्फा स्ट्राइक' मात्र वेगळा खेळ आहे. त्यात अंतर इंचांत मोजतात आणि ही उत्तरं तिथे लागू नाहीत.

उदाहरणांसाठी मी या पेटीतलेच मेक (ऑसम, वुल्व्हरिन, लोकस्ट वगैरे) घेतले आहेत, म्हणजे तुमच्या हातातल्या मेकच्या पत्रकावर आकडे ताडून बघता येतील.

२. पत्रकावर चालणं, धावणं, उडी असे तीन आकडे आहेत. तिन्ही एकाच फेरीत वापरता येतात का?

नाही. फेरीला एकच प्रकार. मोहरा उचलायच्या आधी तोंडाने सांगायचं: 'चालतोय', 'धावतोय', 'उडी मारतोय' किंवा 'उभा आहे'.

चालण्याचा आकडा मूळ. त्याची दीडपट करून अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्यायचा, तो धावण्याचा. ऑसमचं चालणं ३, म्हणून धावणं साडेचार नाही तर ५. वुल्व्हरिनचं ५ आणि ८. उडीचा आकडा या दोघांपासून स्वतंत्र असतो, कारण तो मेकवरच्या उडीच्या जेटच्या संख्येवर ठरतो. शॅडो हॉक आणि वुल्व्हरिन दोघंही ५५ टनांचे, दोघांचंही चालणं ५, पण शॅडो हॉकची उडी ३ आणि वुल्व्हरिनची ५. लोकस्टला उडीच नाही.

मुलांना आकडे कोरडे वाटले तर मी एक गणित करायला लावतो. एक हेक्स ३० मीटरचा, एक फेरी १० सेकंदांची. लोकस्ट धावत १२ हेक्स जातो, म्हणजे १० सेकंदांत ३६० मीटर, म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या आसपास. ८० टनांचा ऑसम जीव तोडून धावला तरी ताशी ५४. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की लोकस्टला उघड्यावर उभा ठेवायची इच्छा कुणाला होत नाही.

३. पॉइंट नेमके कशाकशावर खर्च होतात?

तीन गोष्टींवर: ज्या हेक्समध्ये शिरता तिथल्या जमिनीवर, पातळीतल्या फरकावर, आणि तोंड फिरवण्यावर. ज्या हेक्समधून निघता त्याचा खर्च नसतो, तो तुम्ही आत शिरताना दिलेला असतो.

मोकळी जमीन १, खडकाळ किंवा ढिगाऱ्याची २, विरळ झाडी २, दाट झाडी ३. पातळी एकाने बदलली तर आणखी १, दोनने बदलली तर आणखी २. तीन पातळ्यांचा कडा मेकला पायी चढता येत नाही. तोंड हेक्सच्या एका बाजूने फिरवायला १. रस्त्यावरून रस्त्यावर गेलात तर जमीन कसलीही असो, १. चढ-उताराचा खर्च मात्र रस्त्यावरही सुटत नाही.

एक चाल पूर्ण मोजून दाखवतो. थंडरबोल्टचं चालणं ४, धावणं ६. समोरच्या हेक्समध्ये विरळ झाडी आहे आणि ती एक पातळी वर आहे: २ अधिक १, एकूण ३. तिथे तोंड एका बाजूने वळवलं: ४. चालत असता तर इथे थांबला. धावत असेल तर आणखी २ उरले. पुढचा हेक्स मोकळा पण एक पातळी खाली: १ अधिक १. झाले ६.

आता तीन हिशेब मांडा. पॉइंट ६, हेक्स २, प्रकार धावणं. हाच थंडरबोल्ट सपाट रस्त्यावर सरळ धावला असता तर पॉइंट ६, हेक्सही ६. खर्च सारखाच, पण समोरच्याला नेम धरताना या दोघांत मोठा फरक पडतो (प्रश्न ६).

४. उतरतानाही पॉइंट का द्यायचे? उतारावर तर वेग वाढतो.

कारण इथे उतार म्हणजे घाटातला रस्ता नव्हे, मोठ्या पायरीसारखा टप्पा आहे. ६५ टनांचं धूड दोन पायांवर तोल सांभाळत खाली ठेवायचं आहे. मेकसाठी चढण आणि उतरण यांचा खर्च सारखाच. पत्रक आणि तक्ता बघून खात्री करा, कारण दुसऱ्या खेळांतून आलेले खेळाडू उतरण फुकट धरतात आणि तीन-चार फेऱ्यांनी कुणाच्या तरी लक्षात येतं.

५. मी जागेवरच तोंड फिरवलं. मी हललो की नाही?

दोन्ही, आणि म्हणूनच हा प्रश्न सारखा येतो. पॉइंट खर्च झाला, म्हणजे तुम्ही चाललात. चालण्याची १ उष्णता मेकवर चढते (तापण्याचे परिणाम प्रश्न १४ मध्ये) आणि तुमच्या स्वतःच्या गोळीबाराला चालण्याचा +१ बसतो, म्हणजे नेम लागायला फाशांवर हवा असलेला आकडा एकाने वाढतो. पण हेक्स एकही पार केला नाही, म्हणून तुमच्यावर नेम धरणाऱ्याला तुमच्या हालचालीचा काहीही त्रास नाही.

त्यामुळे मी नव्या खेळाडूंना विचारतो: तोंड खरंच फिरवायला हवं का? नेमबाजीच्या टप्प्यात कंबरेतून धड एका बाजूने वळवता येतं आणि त्याला चालीचे पॉइंट लागत नाहीत. समोरचा किंचित बाजूला असेल तर पाय रोवून धड वळवणं बहुधा फायद्याचं. पण धड वळलं तरी पाय आहेत तिथेच राहतात. पुढच्या फेरीत मेक पायांच्या दिशेनेच निघतो आणि लाथही पायांच्या दिशेनेच बसते.

६. माझे आठ पॉइंट संपले, मग मला आठ हेक्सचा मॉडिफायर का नाही?

कारण मॉडिफायर, म्हणजे नेमाच्या आकड्यातली वाढ-घट, हेक्सवर मिळतो, पॉइंटवर नाही. ज्याच्यावर नेम धरला जातोय त्याने किती हेक्स पार केले ते बघायचं:

०–२ हेक्स: काही नाही
३–४: +१
५–६: +२
७–९: +३
१०–१७: +४

त्यापुढेही पायऱ्या आहेत, पण पेटीतल्या मेकना त्या लागत नाहीत. उडी मारली असेल तर हेक्सप्रमाणे जे येईल त्यावर आणखी +१.

वुल्व्हरिनने आठ पॉइंटांत दोन वळणं घेतली आणि दाट झाडीचा एक हेक्स तुडवला, तर त्याचे हेक्स भरले फक्त चार. मॉडिफायर +१. हे ऐकून लोक हिरमुसतात, पण याच नियमामुळे नकाशा जिवंत होतो. तीन हेक्स गेलात की +१, आणि विरळ झाडीत उभे राहिलात तरी समोरच्याला +१ लागतोच. दाट झाडीत +२. संथ मेकसाठी झाडी हेच पळणं आहे. थंडरबोल्टचं प्रश्न ३ मधलं उदाहरण पुन्हा बघा: झाडीत थांबून चालण्यावर भागवलं असतं तर आडोशाचा +१ मिळाला असता. धावत पुढे उघड्यावर आला, आडोसा गेला, हेक्स दोनच म्हणून हालचालीचंही काही मिळालं नाही, आणि स्वतःच्या नेमाला +२ बसला. दोन जादा पॉइंट खर्चून तो तिन्हीकडून तोट्यात आला.

दोन पोटप्रश्न. गोल फिरून मूळ हेक्सवर परत आलात तर? पार केलेले सगळे हेक्स धरायचे. सरळ अंतर मोजायचं नाही. आणि तक्त्यात 'अचल' लक्ष्याला −४ दिलाय, तो जागेवर उभ्या मेकला लागतो का? नाही. अचल म्हणजे बंद पडलेला मेक किंवा बेशुद्ध पायलट. स्वतःहून थांबलेल्याला फक्त शून्य.

७. धावतो म्हणालो, पण दोनच हेक्स गेलो. चालल्यासारखं धरता येईल ना?

नाही. प्रकार सांगितला तो लागू. धावण्याची २ उष्णता आणि स्वतःच्या नेमाला +२ दोन्ही बसणार. (चालण्याला १ आणि +१. उडीला नेम +३, उष्णतेसाठी प्रश्न १० बघा.) तिसरा हिशेब इतर दोघांपेक्षा आधी, घोषणेच्या क्षणीच बंद होतो.

उलट बाजूने मात्र सवलत द्यावी असं माझं मत आहे. कुणी 'चालतोय' म्हणाला, वाटेत मोजताना एक पॉइंट कमी पडला आणि अजून फासे पडलेले नाहीत, तर त्याला चाल पहिल्यापासून मांडू द्या. हे पुस्तकात नाही, आमच्या टेबलावरची रीत आहे (प्रश्न १७).

८. मागे मागे जात गोळीबार करता येतो का?

येतो, पण फक्त चालत. मागे धावता येत नाही. मागच्या हेक्सचा खर्च पुढच्यासारखाच. आणि मूळ नियमांत मागे जाताना पातळी बदलता येत नाही, म्हणजे टेकडीवरून समोर तोंड ठेवून मागे उतरणं बाद. जास्तीच्या पर्यायी नियमांत याला वाट आहे. ती वापरायची असेल तर खेळ सुरू होण्याआधी दोघांनी ठरवा.

९. दोन हेक्स पुढे, तीन मागे. मॉडिफायरसाठी पाच हेक्स झाले ना?

इथे प्रश्न ६ मधल्या 'सगळे हेक्स धरायचे' या उत्तराला अपवाद आहे. एकाच चालीत पुढे आणि मागे दोन्ही गेलात तर शेवटची दिशा जिथे बदलली त्या हेक्सपासून पुढचेच हेक्स मोजायचे. म्हणजे तुमचे तीन, मॉडिफायर +१. वळून गेलेला मेक आणि मागे-पुढे डोलणारा मेक यांत नियम फरक करतो. तोंड फिरवून पुढेच चालत राहिलात तर ही अट लागत नाही.

१०. उडी मारताना मधल्या झाडीचे, डोंगराचे पॉइंट लागतात का?

उडीला दर हेक्सला १ पॉइंट, खाली काहीही असो. उतरताना तोंड कुठेही करा, फुकट. मधला मेक, मित्राचा असो वा शत्रूचा, वरून ओलांडता येतो. उष्णता दर हेक्सला १, पण कमीत कमी ३, म्हणजे एका हेक्सची उडीसुद्धा ३ उष्णता घेते.

बंधनं तीन, आणि तिन्ही विसरली जातात.

पहिलं, उंची. ज्या हेक्समधून उडालात त्यापेक्षा उडीच्या आकड्याइतक्याच पातळ्या वर जाता येतं. शॅडो हॉकची उडी ३, म्हणून चार पातळ्यांचा कडा त्याला वरून ओलांडताही येत नाही आणि माथ्यावर उतरताही येत नाही. कॅटापल्टला, उडी ४ असल्यामुळे, येतो. झाडांची उंची यात धरत नाहीत, खालची जमीन धरतात. इमारतीची उंची मात्र धरतात.

दुसरं, वाट. निघालेल्या आणि उतरलेल्या हेक्समधली सगळ्यात कमी हेक्सची वाटच घ्यायची. सारख्या लांबीच्या दोन वाटा असतील तर निवड तुमची. वळसा घालून हेक्स वाढवता येत नाहीत. म्हणून पाच पॉइंटांचा वुल्व्हरिन तीन हेक्सवर उतरला तर त्याचे हेक्स तीनच: +१, आणि उडीचा +१, एकूण +२.

तिसरं, उडी कशातही मिसळत नाही. दोन पावलं चालून मग उडी नाही. आडवा पडलेला मेक आधी उठेल, पण मग त्या फेरीत उडी नाही. पूर्ण पाण्याखाली असलेला मेक उडी मारू शकत नाही.

उडी खर्चिक वाटते आणि आहेच. तरी ज्याची मान सारखी नकाशावर वाकलेली असते तो खेळाडू तिचा खरा उपयोग ओळखतो: समोरच्याच्या पाठीमागे, त्याच्याकडे तोंड करून उतरणं. पायी हेच करायला वळणांवर तीन-चार पॉइंट जातात.

११. पाण्याचा हिशेब दर वेळी चुकतो. नीट सांगाल का?

पाण्याचा तळ जमिनीपेक्षा खाली असतो, हे विसरल्यामुळे चुकतो. एक खोलीच्या पाण्यात शिरायला २ पॉइंट, आणि काठावरून तळापर्यंत एक पातळी उतरल्याचा १. एकूण ३. पुढचा हेक्सही एक खोलीचाच असेल तर पातळी तीच, म्हणून फक्त २. दोन किंवा जास्त खोलीच्या पाण्याला ४, अधिक पातळीतला फरक. बाहेर येताना काठाच्या जमिनीचा खर्च आणि एक पातळी चढल्याचा १.

एक किंवा जास्त खोलीच्या पाण्यात धावत शिरता येत नाही. आणि अशा प्रत्येक हेक्समध्ये शिरताना पायलटिंग रोल लागतो (दोन फासे टाकून पायलटच्या पायलटिंगच्या आकड्याइतके किंवा जास्त यायला हवेत, नाही तर मेक पडतो): खोली एक असेल तर आकडा १ने सोपा, दोनला जसाच्या तसा, तीन आणि पुढे १ने कठीण. उडी मारून पाण्यात उतरलात तरी हा रोल चुकत नाही. बाहेर पडताना रोल नाही.

एवढं करून पाण्यात जायचं कशाला? थंड व्हायला. पाण्याखाली असलेल्या हीट सिंकचं (मेकची उष्णता बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेचं) काम दुप्पट होतं, जास्तीत जास्त ६ उष्णता जादा जाते. एक खोलीच्या पाण्यात उभ्या मेकचे फक्त पाय बुडतात, म्हणून फायदा पायांतल्या हीट सिंकपुरताच. पत्रकावर पायांच्या चौकटीत हीट सिंक नसतील तर तुम्ही फक्त ओले होणार.

१२. दुसऱ्या मेकच्या हेक्समधून जाता येतं का?

आपल्या बाजूच्या मेकमधून पायी जाता येतं, त्या हेक्समध्ये थांबता येत नाही. शत्रूच्या मेकच्या हेक्समध्ये पायी शिरता येत नाही. म्हणून अरुंद खिंडीत उभा असलेला एकटा बॅटलमास्टर रस्ता बंद करतो, आणि ते अगदी कायदेशीर आहे. वरून उडी मारून जाण्याबद्दल प्रश्न १०. धडक देणं हा हल्ला आहे, त्याचे नियम वेगळे.

१३. मेक पडला. आता?

पडलेला मेक फक्त दोन गोष्टी करू शकतो: आहे तिथे तोंड फिरवणं (एका बाजूला १ पॉइंट) किंवा उठण्याचा प्रयत्न. सरपटणं नाही.

उठण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला २ पॉइंट, १ उष्णता आणि एक पायलटिंग रोल. पॉइंट असतील तितके प्रयत्न करा, पण रोल चुकला की पुन्हा पडण्याचं नुकसान होतं: दर १० टनांना १, वर पायलटला मार बसू नये म्हणून आणखी एक रोल. ८५ टनांचा बॅटलमास्टर तीनदा उठायला गेला आणि तीनदा आपटला तर त्याने स्वतःलाच २७चा मार दिला. अशा वेळी पडून राहून गोळीबार करणं शहाणपणाचं असू शकतं.

उठलात तर तोंड कुठेही करा, त्याला जादा पॉइंट नाहीत. नवे खेळाडू उठल्यावर पुन्हा वळणाचे पॉइंट मोजतात. मोजू नका.

चालीच्या मध्येच पडलात तर चाल संपली असं नाही. पॉइंट उरले असतील तर त्याच फेरीत उठून पुढे जाता येतं.

१४. उष्णतेमुळे चालणं कमी झालं, मग धावण्यातूनही तेवढेच वजा करायचे का?

नाही. चालण्यातून वजा करा आणि धावणं नव्याने काढा. उष्णता ५ ला चालणं १ने कमी, १० ला २ने, १५ ला ३ने, आणि असंच पुढे.

ऑसमचं बघा. मुळात ३ आणि ५. उष्णता ५: चालणं २, धावणं ३. थेट वजा केलं असतं तर धावणं ४ आलं असतं, आणि तो एक पॉइंट झाडीतून बाहेर पडायला पुरला असता. उष्णता १०: १ आणि २. उष्णता १५: जागेवर खिळला. उडीचा आकडा उष्णतेने कमी होत नाही. म्हणून तापलेला कॅटापल्ट पायी लंगडतो पण उडतो मात्र पूर्ण चार.

या फेरीत केलेल्या गोळीबाराची उष्णता पुढच्या फेरीच्या चालीला लागते, कारण उष्णतेचा टप्पा चाल आणि हल्ले झाल्यावर येतो. पॉइंट मोजताना नेहमी फेरी सुरू होतानाचा आकडा बघा.

१५. मग पॉइंटच पुरत नसतील तर मेक अडकून पडतो का?

सहसा नाही. उभा असलेल्या मेककडे निदान एक पॉइंट असेल तर त्याला तोंडासमोरच्या एका हेक्समध्ये जाता येतं, खर्च कितीही असो. अट एवढीच की ती जमीन त्याला मुळात निषिद्ध नसावी. वरच्या उदाहरणातला १ आणि २ वर आलेला ऑसम समोरच्या दाट झाडीत (खर्च ३) शिरू शकतो, आणि त्याची चाल तिथे संपते. तीन पातळ्यांचा कडा मात्र तो या सवलतीने चढू शकत नाही. आणि आधी वळून मग ही सवलत मागता येत नाही, कारण सगळी चाल त्या एका पावलात जाते.

१६. डांबरी रस्त्यावर धावत वळलो तर घसरतो म्हणतात. नेहमी?

फरसबंदीवर किंवा बर्फावर, धावताना, तोंड फिरवून त्यानंतर पुढे गेलात तरच रोल. चालत असाल तर नाही. वळून तिथेच थांबलात तरी नाही. शहराच्या नकाशावर मी चालीचा प्रकार दोनदा विचारून घेतो तो याचसाठी.

१७. मोहरा ठेवला, हात काढला, मग लक्षात आलं की चुकलं. परत घेता येतं का?

नियमांत बुद्धिबळासारखं 'हात लावला की चाल' असं काही नाही, म्हणून दोघांनी आधी ठरवावं. आमच्याकडे खेळाडू 'झालं' म्हणेपर्यंत चाल त्याची. पण वाटेत एकही रोल पडला, पाण्याचा असो वा घसरण्याचा, की त्या रोलच्या आधीचं काही परत मिळत नाही. आणि 'झालं' म्हणताना तिन्ही आकडे मोठ्याने सांगायचे: 'धावलो, आठ पॉइंट, पाच हेक्स.' सोबत रंगीत फासा मेकच्या शेजारी ठेवायचा, त्यावर मॉडिफायर. अर्ध्या तासाने नेम धरायची वेळ येते तेव्हा कुणालाच काही आठवत नसतं.

तोंडाबद्दलही तसंच. दिशा पायांवरून ठरते, बंदूक कुठे रोखलीय त्यावरून नाही. ऐटीत उभ्या केलेल्या मोहऱ्यांचे पाय कळत नाहीत, म्हणून तळाच्या षटकोनाच्या पुढच्या कडेवर रंगाचा एक ठिपका द्या. रंगकाम बिघडतं म्हणून नको म्हणणारे भेटतात. एकदा पाठीवर मार खाल्ला की तेच ठिपका देतात.

१८. पुढाकार जिंकला तर आधी हलायचं की नंतर? आणि मेक कमी-जास्त असतील तर?

पुढाकार म्हणजे फेरीच्या सुरुवातीला दोन्ही बाजू टाकतात तो फासा, जास्त आकडा येईल तो जिंकतो. जिंकणारा नंतर हलतो. समोरच्याची चाल बघून हलणं हाच फायदा आहे. दोन्ही बाजू आळीपाळीने एकेक मेक हलवतात.

संख्या वेगळी असेल तर प्रत्येक जोडीच्या आधी उरलेले मेक मोजा. एकाकडे दुसऱ्याच्या दुप्पट उरले असतील तर तो दोन हलवतो, तिप्पट असतील तर तीन. जिंकणाऱ्याकडे चार, हरणाऱ्याकडे दोन: हरलेला १, जिंकलेला २, पुन्हा १, पुन्हा २. चार विरुद्ध तीन: आधी एकास एक, मग तीन विरुद्ध दोन, पुन्हा एकास एक, आणि उरले दोन विरुद्ध एक, तेव्हा शेवटी दोन एकदम. 'जास्तीचा मेक सगळ्यांच्या शेवटी एकटा हलेल' असं ठरवलंत तर मोठ्या संघाला दर फेरीला आयता फायदा मिळतो.

१९. वुल्व्हरिन चालत पाण्यात शिरला, पडला, उठला. शेवटी त्याचं काय काय मोजायचं?

हा प्रश्न एका वाचकाने चित्र काढून पाठवला होता, आणि वरचं बरंचसं यात एकत्र येतं.

वुल्व्हरिनचं चालणं ५, पायलटिंग ५. मोकळ्या काठावरून समोरच्या एक खोलीच्या पाण्यात: ३ पॉइंट (प्रश्न ११). रोल १ने सोपा, म्हणजे दोन फाशांवर ४ किंवा जास्त हवेत. ३६ पैकी ३३ वेळा जमतं. इथे नाही जमलं. पडला, मार घेतला, पायलटचा रोल केला. उरले २ पॉइंट, म्हणजे उठण्याचा एकच प्रयत्न. या रोलला पाण्याची सवलत नाही, ५ किंवा जास्त हवेत. आले ७. उठला, आणि तोंड फुकटात शत्रूकडे केलं.

हिशेब असा: पॉइंट ५, सगळे संपले. हेक्स १, म्हणून त्याच्यावर नेम धरणाऱ्याला हालचालीचं काही नाही. प्रकार चालणं, म्हणून त्याच्या स्वतःच्या नेमाला +१. उष्णता चालण्याची १ आणि उठण्याची १, एकूण २. वाचकाच्या मित्राने पडल्यामुळे चाल संपली असं धरून उठणं पुढच्या फेरीवर ढकललं होतं. उठणं त्याच फेरीतलं होतं, आणि वुल्व्हरिनला गोळीबार करताना आडवं असल्याचा +२ लावायला नको होता.